फकरुद्दीनभाईंचं लाल तोंड

तामलवाडीचा जलील मण्यार बांगड्या भरताना बायकांना हसवून हसवून बेजार करायचा, पण त्या दिवशी त्याची स्वतःचीच बोबडी वळली होती. वाशीचे फकरुद्दीनभाई आपल्या आयुबसाठी त्याच्या लेकीला, लालबीला मागणी घालायला यायचे होते. मुलाच्या बापानं पोरीच्या घरचं पान खाल्लं की शब्द पक्का, अशी रीत. आयुब शाळामास्तर, पोरगा निर्व्यसनी. असं स्थळ परत दारात येणार नव्हतं.

एसटीतून फकरुद्दीनभाई उतरले ते लालभडक तोंड घेऊन. जलीलनं ते लगेच हेरलं. तुळजापुरातल्या एका मुलीच्या घरूनही त्यांना बोलावणं होतं, हे त्याच्या कानावर होतं. म्हणजे हे महाशय वाटेत तिकडचं पान खाऊन आले तर! आता इथं नुसते जेवून जाणार.

पण जेवले तरी कुठं? पुलावाचा एक घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं आणि ताट बाजूला सारलं. जलीलनं रागारागानं पानाचं तबक उचलून आत नेलं. त्याची बायको अजीजाबी खुणा करून करून थकली.

"तिकडचं पान लई गोड लागलं वाटतं," जलील शेवटी बोललाच. "मग आमच्या उंबऱ्याला कशाला आलात?"

"कसलं पान?" फकरुद्दीनभाई चक्रावले. मग त्यांनी मोठा आ केला. हिरड्या सुजून रक्ताळलेल्या, जिभेवर फोड. "हाडमोडी ताप आलता. डाक्टर म्हणतो, डासानं होतो. ताप गेला, पर तोंड न्हाय बरं झालं. साखर बी कडू लागती. आयुब म्हणला, मागनं जा. पर तुमाला येतो म्हणलं होतं, आलो."

जलीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अजीजाबीनं एक वाटी आणून ठेवली. गार दूधभात, अगदी मऊ कालवलेला. मागं लालबी याच तापानं पडली होती. पाहुण्यांनी घास कसा गिळला हे पडद्याआडून बघूनच तिनं तो कालवायला घेतला होता. फकरुद्दीनभाईंनी वाटी पुसून खाल्ली.

"आमच्या लालबीनं कालवलाय. गोड लागला का?" अजीजाबीनं भीतभीत विचारलं.

"खोटं कशाला बोलू? कडूच लागला," ते हसले. "पर आग न्हाय झाली. लई दिसांनी पोट भरलं बघा."

जलील लगबगीनं तबक घेऊन आला आणि मधेच थबकला. या तोंडाला चुना लागला तर माणूस छपराला टेकेल! आता शब्द पक्का व्हायचा कसा?

"असं का हुबं ऱ्हायलात?" फकरुद्दीनभाई म्हणाले. "तुमच्या पोरीनं दिलं, म्या खाल्लं. झाला शब्द पक्का. पान माझ्या वाटचं तुमीच खावा."

जलीलनं विडा तोंडात घातला, आणि पाहुण्यांसमोर त्याला आनंदानं रडूच फुटलं.