चंद्राबाईच्या खुब्याचं हाड

मी एक जुनं हाड आहे, मित्रांनो. कापडे गावच्या चंद्राबाईच्या उजव्या खुब्यातलं. मी कुणाला दिसत नाही, म्हणून माझी कधी कुणी विचारपूस केली नाही.

एके काळी मी दणकट होते. चंद्राबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची, तेव्हा सगळं ओझं मी पेलायचे. "बाई हाय का बैल गो ही!" शेजारणी थट्टा करायच्या. मला बरं वाटायचं.

लेक दिशा झाली आणि चंद्राबाईला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आवाज थांबले, ती पुन्हा लेकीच्या वेण्या घालू लागली. गोळ्यांना मी दोष देत नाही. पण त्यांतल्या काही वर्षानुवर्षं घेतल्या, तर हाडं ठिसूळ होऊ शकतात. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. पस्तिशीतच तिची पाळी थांबली, तर सासू म्हणाली, "सुटलीस गो!" लोक बोलतील म्हणून तिला अंगणातल्या उन्हातही बसू दिलं नाही. पाळी अकाली थांबली की हाडं लवकर झिजतात, त्यात ऊनही नाही. मी आतून पोखरली गेले.

दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "रोजची काही औषधं?"

"कसली नाय," नवरा महिपत झटकन बोलला. दिशाची सोयरिक पाचाडला ठरत होती. डोक्याच्या गोळ्यांचं कळलं तर मोडेल, ही धास्ती. मला वाचवायची वेळ तीच होती. ती गेली.

गेल्या महिन्यात नुसती पाटावरून उठताना चंद्राबाई कोसळली. या वेळी मीच मोडले.

दवाखान्यात पुन्हा तोच प्रश्न. महिपत पुन्हा, "नाय." दिशा तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन उभी होती, मागे तिची सासू. दिशानं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"बाबा, पुरे आता. डॉक्टर, बावीस वर्षं ही गोळी चालू आहे."

"व्याही, एवढं लपवलंत? आमाला बोलला नाय!" सासू कडाडली.

"नाही सांगितलं, आई. आधी हिला उभी करू, मग भांडा माझ्याशी," दिशा सासूला म्हणाली.

माझ्यात सळई घातली. तरी चंद्राबाई अजून उभी राहत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर त्या मनानं बंद करू नका. पण हाडांचं डॉक्टरांना विचारा, माणसाला उन्हात येऊ द्या, आणि औषधं लपवू नका. दिशाच्या सासूचा राग चार दिवसांत ओसरला. मी मात्र अजून जुळले नाही.