मासे न खाणारा खाणावळवाला

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना इनास फर्नांडिसनं मनातल्या मनात नवस केला: ईस्टरपर्यंत मासळीला शिवणार नाही, लेकीची सुटका सुखरूप होऊ दे. लेक रोझी बाळंतपणासाठी कणकवलीच्या इस्पितळात पडून होती आणि तिचा रक्तदाब खाली यायचं नाव घेत नव्हता. उपास गुपचूप करावा, चारचौघांत मिरवू नये, असं फादरांनी बजावलेलं. म्हणून इनासनं ते बायकोला, रेमेदिनला, तेवढं सांगितलं.

मालवणात माणूस दारू सोडतो, मटण सोडतो, क्वचित भावकीही सोडतो. मासे सोडत नाही. त्यात इनासची मासळीची खाणावळ. दुपारी गल्ल्यामागे बसून मालक वालीची भाजी खाताना दिसू लागला, तेव्हा लोकांनी त्याला आधी मधुमेह लावला, मग मूळव्याध. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की मालक स्वतःचेच मासे खात नाही. त्यानंतर गिऱ्हाईक आधी त्याच्या ताटात डोकावायचं आणि मग ऑम्लेट मागवायचं.

एके दिवशी भर जेवणाच्या वेळी मासे पुरवणारी हौसाबाई दारात उभी राहिली. दुपार झाली तरी पाटी भरलेलीच.

"इनासा, माझ्या म्हावऱ्याक काय झालाहा? बाजारात माका इचारतत, औषध मारतंस काय म्हणान."

"काय्येक झाला नाय गो. माझो उपास आसा."

"कसलो?"

"कोरेज्माचो. ईस्टरपर्यंत."

"माका शिकवतस? तुमच्या उपासाक मटान नाय, म्हावरा चलता. दर शुक्रवारी फादराच्या रांदपाक कोण म्हावरा घालता? मीच मा?"

धर्माचा नियम हौसाबाईच्या बाजूनं होता. रोझीचं नाव जिभेवर आलं, पण नवस फोडला तर फळतो का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला फादर जवळ नव्हते. टेबलांवरचे सगळे घास थांबले होते.

हौसाबाई आत गेली आणि रेमेदिनच्या तव्यावरचा बांगडा ताटलीत घेऊन आली.

"खा. सगळ्यांदेखत."

"हौसाक्का, ह्या एक सोड."

"माझी पाटी बघ आणि मगे सांग."

इनासनं पाटी बघितली. वरच्या बांगड्यांचे डोळे लाल व्हायला लागले होते. नवस मोडला तर रोझीचं काय, आणि नाही मोडला तर हिचं काय, यात देवाच्या लेखी कुठलं पाप मोठं याचा हिशेब त्याला जमेना. त्यानं तुकडा मोडला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. बांगडा फार चांगला झाला होता, हे त्याहून वाईट.

तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. कणकवलीहून, जावयाचा. इनासचे हात मसाल्यात, रेमेदिननं उचलला. ती नुसती "होय... होय..." म्हणत राहिली. इनास तोंडातला घास तसाच धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. गिळावा, तर नवस मोडतो. थुंकावा, तर हौसाबाई समोर उभी.

रेमेदिननं फोन ठेवला आणि हसत हसत पदरानं डोळे पुसले.

"पयलो तो घास गिळ," ती म्हणाली, "मगे सांगतंय."