हिवाळ्यात मोजलेली सावली

एवढीशी बाळी – द्राक्षवेलाची, दोऱ्याएवढी बारीक, टोकाला स्प्रिंगसारखी वळलेली – रात्रीतून तिने सौर पॅनेलच्या चौकटीला दीड वेढा घातला होता. स्तामातियाने बोट लावून पाहिलं. सोडवायला हवी... नवरा, आर्गीरिस, दुपारी आपल्या भावाकडून वेल कापायला करवत घेऊन येणार, आणि आल्या आल्या त्याच्या डोळ्यांत आधी हीच खुपणार.

चूक म्हणाल तर सगळ्यांचीच. पानागोस पॅनेलं बसवायला आला तो फेब्रुवारीत. गच्चीवरचा वेलाचा मांडव तेव्हा नुसता काड्यांचा. कॉफीचा घोट घेत त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "ताई, एवढं मोकळं आभाळ तर आपल्या चर्चवरही नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. स्तामातियानेसुद्धा! सासूने लावलेल्या या वेलाच्या पानांत भात गुंडाळण्यात जन्म गेला, आणि वसंतात त्याला पानं येतात हे आठवू नये? आता मे. कोपऱ्यातल्या पॅनेलवर सावली. आणि एक रुसलं की अख्खी रांग रुसते – घरातल्यासारखंच.

मग तिने सावली खुडायला घेतली. रोज पॅनेलवर आलेल्या त्याच ओलांड्यावरची, त्या आडव्या फांदीवरची कोवळी पानं, रोज त्यांत भात गुंडाळून डोल्मे.

"आणखी किती दिवस मला सावली खायला घालणार आहेस?" आज सकाळी आर्गीरिसने पावावर तेल ओतत विचारलं. "तुझा वेल शंभर भाग उन्हातले दोनसुद्धा पचवत नाही. पॅनेल वीस पचवतं."

"पचवू दे. पण त्याला कोंबाचा डोळा फुटतो का कधी?"

"वीज होते, बाई माझे."

"आणि गारांनी फुटलं तर नवं आपलं आपण उगवतं?"

तो हसला. पण करवतीचं बोलणं काही मागे घेतलं नाही.

दुपार चढली. पॅनेलला हात लावला तर चटका – आणि म्हणे फार तापलं की तेही कमीच देतं, बिचारं. पण हलणार कुठे? पान मात्र... मेल्पो फोनवर सांगत होती – लेक शाळेत शिकवते, तिला सगळं सांगायचं असतं – "आई, पानाच्या पेशीत हिरवे कण असतात, तेच ऊन पकडतात. ऊन मवाळ असलं की पसरून अंगावर घेतात. फार झालं की सरकून पेशीच्या भिंतीला लागतात." म्हणजे खाली चौकातल्या म्हाताऱ्यांसारखंच की! सकाळी खुर्च्या उन्हात, आता सगळ्या भिंतीला. आणि मी? मीही पाण्याच्या टाकीमागच्या पट्टीभर सावलीत पाठ टेकून उभी आहे, पानांची टोपली पोटाशी धरून... आयुष्यभर सरकलेच की. सासूला ऊन हवं तेव्हा सरकले, नवऱ्याला हवं तेव्हा सरकले. त्याचं वाईट नाही वाटत – सरकता येणं ही काय कमी अक्कल आहे?

पण या खेपेला सरकायचं कोणी, हे कुणी विचारलंच नाही. वेल मुळाने बांधलेला. पॅनेल नुसतं बोल्टांनी. नुसतं बोल्टांनी! सोडले की सरकवता येईल!... इतके दिवस पानं खुडणाऱ्या बोटांना हे सुचू नये? तिला एकटीलाच हसू फुटलं.

तिने बाळी हलकेच सोडवली, सरळ केली. सोडल्याबरोबर ती पुन्हा होती तशी वळली.

खाली फाटक वाजलं. काहीतरी लोखंडी जिन्यावर खणखणलं, आणि त्यामागून आर्गीरिसचा आवाज – "स्तामातिया! आज तरी डोल्मे नाहीत ना?"

"आहेत," ती म्हणाली, आणि टाकीमागून उन्हात आली.