तेर्योची बाजू

सान इसिद्रो गावच्या जत्रेत दरवर्षी व्हॉलीबॉलचा सामना होतो, बाकला विरुद्ध बाप्ये. बाकला म्हणजे गावातली नटवी, बायकी थाटाची, पुरुषांवर जीव टाकणारी मंडळी. त्यांना खेळताही येतं आणि हसवताही येतं, म्हणून अख्खं गाव लोटतं. ट्रायसिकल रिक्षांची इंजिनं दुरुस्त करणारा सदतीस वर्षांचा तेर्यो कायम पंच असायचा. उंच स्टुलावर बसलेल्याला कोणी विचारत नाही, तू कोणाचा.

यंदा पंच बाहेरगावचा आणला आणि दोन्हीकडे एकेक गडी कमी पडला. झालं!

"तेर्यो आमचा!" गावचा मुखिया बाप्यांच्या बाजूने ओरडला. "दंड बघा त्याचे."

"दंडांचं काय लोणचं घालायचंय? लग्न नाही, कार्य नाही, बनियनला इस्त्री करतो मेला!" बाकलांच्या संघातली सलूनवाली चोना लाल हाफपँट सावरत म्हणाली. "ये गं बाई, लाजू नकोस."

लोक खदखदा हसले. तेर्योच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्याबद्दल सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्यालाच नव्हतं. आणि ही चोना! मागच्या महिन्यात तिच्याच खुर्चीत बसून, धीर करून, त्याने सगळं सांगितलं होतं. जहाजावर नोकरीला असलेला बोयेत सुट्टीवर आला की पाय त्याच्याच गल्लीकडे वळतात. आणि बात्चोय सूपची खानावळ चालवणारी देलिया हसली की हातातलं काम सुचत नाही. मग मी कोण? चोनाने कात्री थांबवून विचारलं होतं, "लिपस्टिक लावावीशी वाटते?" तो नाही म्हणाला. "मग तू आमच्यातला नाहीस, माझं डोकं खाऊ नकोस." म्हणजे एवढ्या मोठ्या प्रश्नाची परीक्षा काय, तर लिपस्टिक! आणि आज गडी कमी पडला तर लगेच ये गं बाई.

देलिया पहिल्या रांगेत बसली होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ईस्टरच्या दिवशी तिनेच सरळ विचारलं होतं, "लग्न करायचंय माझ्याशी? जत्रेपर्यंत सांग." जत्रा आली, तरी त्याने सांगितलं नव्हतं.

मुखियाने माइक त्याच्या तोंडाशी धरला. "बोल बाबा एकदाचं! इकडे का तिकडे?"

"मला माहीत नाही!" तेर्यो किंचाळला. "बाई का बाप्या, मला खरंच माहीत नाही! तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच सांगा ना!"

कर्ण्यातून ते चर्चपर्यंत ऐकू गेलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. वर्षातला सगळ्यात भारी विनोद झाला होता. चोनाने तर जमिनीवर लोळण घेतली. एकटी देलिया हसली नाही. ती उठून खानावळीकडे निघाली. तो मागे धावला.

"खरं बोललास?" तिने दारातच विचारलं.

"हो."

"दुसरं कोण आहे?"

"बोयेत. त्याला काही ठाऊक नाही. झालंही काही नाही."

"आणि मी?"

"तू आवडतेस, देलिया. शपथ. पण ते नवरा व्हायला पुरेल एवढं आहे का, ते काही केल्या कळत नाही. मी रोज स्वतःला विचारतो. वैताग आलाय मला स्वतःचा."

तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. "बोयेतचा मला राग नाही रे. आज पहिल्यांदा तू माझ्याशी खरं बोललास, तेही बरं वाटलं. पण पहिल्या नवऱ्याच्या आजारपणात खाटेशी बसून मी पुष्कळ वाट बघितली. आता तुला कळेपर्यंत वाट बघायला नाही जमणार मला."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. घरी जा."

तिने दार लोटून घेतलं. तेर्यो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. इतकं रडू येतंय, त्यावरून तरी कळायला हवं होतं, हे प्रेम आहे की एकटं पडायची भीती. तेही कळलं नाही.