तिन्हीसांजेला उभी केलेली गादी

मित्रांनो, मी कापसाची गादी. आता जुनी झाले, मधोमध खळगा पडलाय. पण घटकाभर बसलात तर माझी हकीकत सांगते.

इकडे आखातात, सुलैबियातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ओवैस पिंजाऱ्याने मला भरलं. शेवटचा टाका घालताना तो म्हणाला, "हिच्यावर पडेल त्याला झोप लागो." तोच माझा धर्म झाला. तिथल्याच फिंतास भागात राहणाऱ्या लताबाई आणि लक्ष्मीकांत या मराठी जोडप्याने मला मुलासाठी नेलं. मुलगा पुढे कॅनडाला गेला. मग गावाकडचे पाहुणे माझ्यावर झोपत आणि सकाळी म्हणत, "वहिनी, काय गाढ झोप लागली!" मी उन्हात घातल्यासारखी फुगायची.

नंतर ती खोली भाड्याने दिली. राहायला आली झीहान, चीनची, पंचविशीतली. तिकडे मोठ्या कंपनीत सकाळपासून रात्रीपर्यंत राबायची. राबता राबता तिची झोप उडाली, अन्न जाईना, तिने नोकरी सोडली. आई म्हणाली, नातेवाइकांना तोंड कसं दाखवू? म्हणून ती इथे, फहाहीलला मामेभावाच्या मोबाइलच्या दुकानात. दुपारपर्यंत काम, मग माझ्यावर येऊन पडायची.

"आंटी, आमच्याकडे पुष्कळ मुलं आता अशीच आडवी होतात," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "घर नको, लग्न नको, शर्यत नको."

"आणि खायचं काय, हवा?" लताबाई हसल्या.

"पोटापुरतं कमावते ना."

रात्री तिचा डोळा लागत नसे. कूस बदलून बदलून माझ्या कापसाचे गोळे व्हायचे. झोप यायची ती नेमकी सूर्य बुडताना, तासभर. त्या तासावर ती पुढचा दिवस काढायची.

लताबाई वाईट नव्हत्या हो. एकादशी, संकष्टी, रोजचा दिवा, कधी चुकला नाही. पण तिन्हीसांजेला घरात कुणी आडवं असलं की लक्ष्मी दारातून परत जाते, हे त्यांच्या मनात पक्कं. दिवा लावायच्या आधी त्या खोलीत येत. "ऊठ गं बाई, ऊठ!"

झीहान हात जोडायची. "आंटी, एक तास. मला फक्त आत्ताच झोप येते."

"मग रात्र कशाला केली देवाने?" असं म्हणत त्या मला तिच्या अंगाखालून ओढायच्या आणि भिंतीशी उभी करायच्या. झीहान फरशीवर गुडघ्यांत डोकं घालून बसायची. बाहेर शुभं करोति चालायचं, गोड आवाजात.

"अगं, राहू दे पोरीला," लक्ष्मीकांत एकदा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. परक्याची लेक म्हणून वळण लावायचं नाही?"

शेवटी झीहान संध्याकाळीही दुकानात जाऊ लागली. लताबाईंनी व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला रिकामी गादी दाखवली आणि अंगठा वर केला. ती आई आनंदाने रडली. भिशीतल्या बायका म्हणाल्या, "लताताई, पोरीचं सोनं केलंत!" रात्री ते सोनं माझ्यावर टक्क उघड्या डोळ्यांनी पडलेलं असायचं. त्याच्या छातीचे ठोके माझ्या तळापर्यंत पोचत.

एका सकाळी ती उठून बसली आणि भिंतीशी आपल्या भाषेत बोलू लागली. लताबाईंना ओळखेना. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर देवदत्त धावत आले. नाडी धरून त्यांनी विचारलं, "ही झोपली कधी होती?"

लताबाईंचा चेहरा उजळला. "झोपते कुठे आता! ती सवय मोडलीच मी तिची."

डॉक्टरांनी लगेच गाडी मागवली. मग तिला इस्पितळात हलवलं. मामेभाऊ सामान न्यायला आला तेव्हा लताबाईंनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. "बरी झाली की येऊ दे हो परत."

"ती अजून कुणाशी बोलत नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, गादी दबली की तुम्ही तिला ऊन दाखवता, कापूस पिंजून घेता. दबलेल्या माणसाला मात्र आधी ऊठ म्हणता. तसं करू नका. जवळ बसा, विचारा, झोप लागते का गं? आणि तिन्हीसांजेला कुणाचा डोळा लागला असेल, तर पावलं न वाजवता दिवा लावा. लक्ष्मी त्याच्या पायाशी वळसा घालून आत येईल. झोपलेल्या लेकराला उठवून आत येणारी ती नव्हे.