बारावी ओळ

मी तक्ता बोलतोय. पाढ्यांचा नव्हे, आमच्या आमदारांच्या मतांचा. गोड बोलणं मला जमत नाही. ते खातं साहेबांकडे आहे.

जन्माने मी शाळेचा. माझ्या पाठीवर अजून माशांची चित्रं आहेत. सुरमईचा डोळा उंदरांनी खाल्लाय. सेलिना टीचर कट्टा गावच्या शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी मला अडगळीतून घरी आणलं आणि दोन वर्षं कपाटामागे उभं केलं. मग एके दिवशी माझ्या कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले: तारीख, विषय, साहेबांचं मत. विषय ठरलेले. वाळू, खाडी, जंगल, किनारा. विधानसभेचं कामकाज त्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचायच्या.

अकरा ओळी भरल्या. त्यातल्या सातांत लिहिलंय, 'आवाजी मतदान, नोंद नाही.' म्हणजे सगळ्यांनी मिळून 'हो' म्हणून ओरडायचं आणि कोण ओरडलं ते कुणी विचारायचं नाही. केवढी सोय. ओरडणाऱ्यांत साहेबही असणार असा टीचरांना संशय होता, पण संशय त्यांनी माझ्यावर लिहिला नाही. उरलेल्या चार वेळा मात्र कुणीतरी हट्टाने नावं मोजायला लावली. त्यात तीनदा साहेब सभागृहात नव्हतेच. वाळूच्या वेळी नाहीत, खाडीच्या वेळी नाहीत, जंगलाच्या वेळीही नाहीत. अकराव्या ओळीत हजर होते. विषय: आमच्या गावासह नऊ गावांचे किनारे खासगी जेटींना देणं. मत: हो.

ती ओळ लिहिताना टीचरांनी पेन इतकं दाबलं, की पाठीमागे बांगड्याच्या अंगावर वळ उठले.

गुणाजी हा आमच्या रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून पन्नास माणसांनी ओढायचं जाळं. उभं राहायला वाळू नसेल तर रापण नाही आणि गुणाजीचं घरही चालणार नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराण्याचा. तो देवाला मोठ्याने सांगतो आणि दर वाक्याला अख्खा गाव 'होय म्हाराजा' म्हणतो. नाही कुणी म्हणत नाही, तशी पद्धतच नाही.

जत्रेला साहेब आले. गुणाजीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "किनाऱ्यासाठी मी सभागृहात भांडलो. विरोधात मत दिलं." गुणाजी विरघळला. त्याने लगेच साहेबांच्या उपकाराचं गाऱ्हाणं घातलं आणि दोनशे गळे होय म्हणाले. मी तेव्हा टीचरांच्या भिंतीवर अकराव्या ओळीसकट लटकत होतो. तोंड असतं तर देवळापर्यंत ओरडलो असतो.

मे महिन्यात वाळूत जेटीच्या हद्दीचे लाल खुंटे ठोकले गेले, नेमके रापण ओढायच्या जागी. त्याच आठवड्यात गुणाजीची बायको पद्मावती मासळी घेऊन टीचरांकडे आली. टोपली उतरवता उतरवता तिने मला वाचलं. मासळी तशीच टाकून ती घरी गेली आणि नवऱ्याला घेऊन आली.

गुणाजी माझ्यावरच चिडला. "टीचर, साहेबान माझ्या तोंडार सांगल्यान, विरोध केलंय म्हणान. कागदार कोणीय कायय लिवता."

टीचरांनी छापील कामकाज त्याच्यासमोर ठेवलं. "तुका वाचूक मीच शिकवलंय मा? मग तूच वाच. नाव खंय आसा बघ."

त्याने बोट फिरवलं. 'हो'च्या यादीत नाव सापडलं. पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदाही वाचलं. मग खालीच बसला.

"म्हणजे मी देवाक खोटा सांगलंय," तो म्हणाला. "दोनशे माणसांचो होय घेतलंय तेच्यार."

"आता रडान काय जाताला?" पद्मावती म्हणाली. "खोटा सांगलंस, आता खरा सांग."

तिने मला मासळीच्या शेडमध्ये टांगलं. लोकांनी वाचलं. काहींनी मान फिरवली. कुणाच्या मुलाला साहेबांनी नोकरी लावलेली, कुणाच्या दारात रस्ता केलेला. त्यांचाही मला रागच आहे.

नारळी पौर्णिमेला साहेब पांढऱ्या कपड्यांत आले. सोबत फोटोवाले. गुणाजी शेडसमोरच्या किनाऱ्यावर गाऱ्हाण्याला उभा राहिला. मला शेडमधून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो किनारो तुझो आसा."

"होय म्हाराजा."

"ह्या किनाऱ्यार लाल खुंटे ठोकले गेले आसत."

"होय म्हाराजा."

"किनारो देऊक जेणां मत दिल्यान, तो आज तुझ्यासमोर हात जोडून उभो आसा. ते खुंटे तेच्याच हातान काढून घे, म्हाराजा."

या वेळी गावाच्या आधी एकच आवाज आला, सवयीचा, खणखणीत. "होय म्हाराजा." साहेब फोटोवाल्याकडे बघत होते. होय आपणच म्हणालो, आणि कशाला, हे त्यांना कळेपर्यंत मागून दोनशे गळ्यांनी साथ दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसांनी मला ओढून फाडलं. पद्मावतीने दोन्ही तुकडे टोपलीत घालून टीचरांकडे नेले. आता मी चिकटपट्टीच्या आधाराने पुन्हा शेडमध्ये आहे. खवले लागलेत, अंगाला वास येतो.

खुंटे अजून तिथेच आहेत. रापण त्यांना अडकून दोनदा फाटली. पण टीचरांनी माझ्यावर बारावी ओळ लिहिली आहे. तारीख: नारळी पौर्णिमा. विषय: खुंटे काढणे. साहेबांचं मत: हो. आवाजी मतदान, पण नोंद आहे.

साहेब पुन्हा मत मागायला येतील, तेव्हा हार घालायच्या आधी त्यांना माझ्यासमोर उभं करा. ती ओळ त्यांनाच वाचायला सांगा. मोठ्याने.