हिरव्या चिंधीची बाटली

सुयश सव्वीस वर्षांचा बाप्या, पण संघात त्याला सगळे पोरगंच म्हणत. मोहिनी बावीसची, तरी शहाणपण मात्र तिनेच दाखवायचं. दोघंही एकाच कंपनीच्या संघातले पगारी धावपटू. राहायला इंदिरानगरात, सराव एकाच मैदानावर, आणि सोमवारी लांब पल्ला विल्होळीच्या बाजूला.

लांब पल्ल्याच्या दिवशी प्रशिक्षक हिरामण सर सगळ्यांच्या बाटल्या स्कूटरवरून पुढे नेऊन दहाव्या किलोमीटरला चिंचेखाली मांडत. बाटल्या कंपनीनेच दिलेल्या, साऱ्या एकसारख्या पांढऱ्या. म्हणून जो तो आपली खूण बांधी. सुयशच्या बाटलीला बुटाची लाल नाडी, मोहिनीच्या बाटलीला आईच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, हा सरांचा कडक नियम होता. अर्थात कडक नियम मुलींसाठी. पोरांसाठी तो नुसता नियम.

या घोडनवऱ्यांच्या मस्कऱ्या तरी किती सांगाव्या? मुलींच्या चपला छपरावर फेकायच्या, बॅगेत बेडूक सोडायचा. मोहिनी पाणी प्यायला गेली की सुयश ओरडायचा, "नको पिऊ, पाल पडलीय!" दोनदा तिने घाबरून बाटली ओतून दिली आणि परतीचे दहा किलोमीटर भर उन्हात कोरड्या घशाने धावली. तक्रार केली तर सर म्हणाले, पोरं आहेत, करतात मस्करी, तू समजूतदार आहेस ना. हेच सर एकदा मोहिनी आणि निकिता व्यायाम करताना खिदळल्या म्हणून दोघींना दहा फेऱ्या मारायला लावून मोकळे झाले होते.

त्या सोमवारी मोहिनी चिंचेपाशी पोचली, हिरवी चिंधी पाहून बाटली उचलली आणि घोट घेतला. लिंबू-मिठामागे काहीतरी कडवट लागलं. तेवढ्यात मागून सुयशचा आवाज आला, "मोहिनी, नको पिऊ ते."

झाली का पुन्हा पाल सुरू, असं तिच्या मनात आलं. ती चिडली. त्याच्या डोळ्यात डोळे घालून तिने अर्धी बाटली घटाघटा रिकामी केली.

संघातला दत्तू पोट धरून हसत होता. खुणांची अदलाबदल त्यानेच केली होती; दोघांची जोडी जमवली म्हणे. बाकीची पोरंही हसली. लाल नाडीच्या बाटलीचा घोट घेतलेला सुयश तेवढा हसला नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिने हिरवी चिंधी सोडली, चिंधी आणि बाटली दोन्ही क्रेटमध्ये टाकली आणि बाटलीत काय होतं ते सुयशला विचारलं. ग्लुकोज, असं तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

एरवी तो पुढे सुटायचा. आज मात्र तिच्या बाजूने, तिच्याच वेगाने धावत राहिला, तेही मुकाट्याने. त्या गप्प राहण्याचीच तिला जास्त भीती वाटायला लागली. मैदान किलोमीटरभर राहिलं तेव्हा तो बोलला.

"दोन पुड्या टाकल्या होत्या. जिमवाल्यानं दिलेल्या. नाव मला नाय माहीत."

"कधीपासून घेतोयस?"

"महिना झाला. कुणाला सांगू नको, मोहिनी. लय वाटोळं होईल माझं."

तुझं? मोहिनीला विचारायचं होतं, पण धाप लागली होती. इतकी धाप तिला शर्यतीतही लागत नसे. अंगात गेलेलं उत्तेजक खेळाडूने स्वतः घेतलं की कुणी फसवून पाजलं, हे तपासणीच्या यंत्राला कळत नाही. सापडलं की चार वर्षं बंदी. नोकरी जाणार. आणि गावी, सुरगाण्याला, बापाने सगळ्या नातेवाइकांसमोर शब्द दिला होता, पोरगी धावतेय तोवर तिच्या लग्नाचं नाव काढणार नाही. धावणं थांबलं की त्या शब्दाची मुदतही संपली. सुयशवर बंदी आली तर तो आपल्या गावी देवळ्याला जाऊन कांदा लावील, आणि गाव म्हणेल, पोराची चूक झाली. तिच्याबद्दल गाव काय काय म्हणेल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

मैदानाच्या फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. सर अवघडून उभे होते आणि त्यांच्याजवळ पेट्या घेतलेले दोन अनोळखी लोक, एक पुरुष, एक बाई. उत्तेजकांची तपासणी न सांगता येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आजच यावी? कागदावर दोनच नावं होती, निकिता आणि मोहिनी.

आता नमुना देईपर्यंत त्या बाई मोहिनीला नजरेआड करणार नव्हत्या. सर पाण्याचं निमित्त काढून जवळ आले तेव्हा मोहिनीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सरांनी एकदा वळून त्या बाईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तासाभरापूर्वीचं आहे, कदाचित दिसणारही नाही. तू बोललीस तर मात्र दोघंही बुडाल. पोरगं आहे ते. तू समजून घे."

समजून घ्यायचं खातं तिच्याकडेच होतं ना.

संडासाचं दार उघडं, समोर त्या बाई पाहत उभ्या, आणि मोहिनीला लघवी होईना. नियमच तसा, हे माहीत असूनही तिला शरम वाटत होती. सीलबंद पाण्याच्या तीन बाटल्या रिचवल्यावर कुठे नमुना मिळाला. मग बाईंनी कागद पुढे सरकवला. गेल्या सात दिवसांत काही औषध, पावडर?

पेन हातात घेऊन ती बराच वेळ बसली. कोरं सोडावं, दिसणारही नाही कदाचित, असं मन म्हणत होतं. मग तिला चिंचेखालचा सुयशचा पांढराफटक चेहरा आठवला. दिसणार नसतं तर तो इतका भ्यालाच नसता. तिने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, की आज सकाळी खुणा बदलल्यामुळे सुयशच्या बाटलीतलं पाणी ती प्यायली, त्यात दोन पुड्या होत्या.

बाईंनी वाचलं आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"ती बाटली कुठे आहे? जपून ठेव. पुढे तोच एक पुरावा."

मोहिनी धावतच बाहेर आली. सरांनी स्कूटरवरून परत आणलेला क्रेट नळापाशी होता आणि सुयश तिथे पाठमोरा उकिडवा बसला होता. तो तीच बाटली ब्रशने आतून घासत होता, बूच वेगळं, तोंड वेगळं, अगदी मन लावून. दत्तू शेजारी उभा होता आणि हसत नव्हता. मोहिनीने त्याच्याकडे पाहिलं तर तो बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

सुयश उठला. त्याच्या चेहऱ्यावर पोरकटपणाचा मागमूस नव्हता. तिने त्याला इतकं मोठं, इतकं जबाबदार झालेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"घे. तुझी बाटली," तो म्हणाला.

बाटलीतून स्वच्छ पाणी ठिबकत होतं. बाटलीच्या गळ्याला हिरवी चिंधी त्याने पुन्हा बांधली होती, दोन गाठी मारून.